गाडीचा झटका आणि मोटारीच्या खोक्याचा झटका



गेल्या मार्च महिन्यात आम्ही आपल्या चार सभासदांसह सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र पाहण्यास गेलो होतो. परतताना मूल येथे चहासाठी गाडी थांबवली. आजूबाजूचे रान पानगळीने उघडे पडलेले, मोहाची फुले गळू लागलेली आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत. पहिले सभासद उतरले, दार लावायला हात टेकवला आणि "आई गं!" म्हणून हात झटकत मागे सरले.

"साहेब, गाडीत करंट उतरलाय. बॅटरीची वायर कुठंतरी उघडी पडली असंल."

ड्रायव्हरने बॉनेट उघडून सगळ्या वायरी पाहिल्या. दोष कुठेच नव्हता. तोवर दुसऱ्यांनाही तसाच चटका बसला. तिसरे आमचे वयस्कर सभासद. अंगात सुती धोतर-बंडी, पायात कातडी वहाणा. ते उतरले, दार लावले, त्यांना काहीच झाले नाही. "आम्हाला ओळखते गाडी," असे म्हणून ते चहाच्या टपरीकडे चालू लागले!

या गमतीतच सगळे उत्तर आहे. टेरिकॉटची पँट रेक्झिनच्या सीटवर घासते आणि उठताना दोन्ही पृष्ठभाग एकमेकांपासून सुटतात, तेव्हा अंगावर विजेचा भार साठतो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलत होतो, तोच हा प्रकार. हवा दमट असली तर हा भार हळूहळू निघून जातो, म्हणून पावसाळ्यात असा झटका सहसा बसत नाही. कोरड्या हवेत आणि रबरी तळव्याच्या चपलेत त्याला वाट मिळत नाही. मग लोखंडाला बोट लागताच तो ठिणगी होऊन उडतो. म्हणजे करंट गाडीत नव्हता, तो आपल्याच अंगावर होता.

यावर उपाय सोपा. सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत तो काढू नये. किंवा किल्ली हातात घट्ट धरून तिचे टोक आधी गाडीला टेकवावे. ठिणगी किल्लीवर उडते, बोटाला चटका बसत नाही.

हे सांगत असताना चौथे सभासद म्हणाले, "त्यात काय साहेब, आमच्या मोटारीच्या खोक्यालासुद्धा असल्याच मुंग्या येतात. रोजचंच आहे. सवय झाली."

आमच्या हातातला चहा तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातला एक तरुण शेतकरी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेला, तो परत आला नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच्या घरच्यांनी सांगितले, "आठ दिवसांपासून म्हणत होता, खोकं जरा मुंग्या देतंय." त्या आठ दिवसांत कोणीच वायरमन बोलावला नव्हता.

मंडळी, हे दोन झटके एक नव्हेत. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची समजा. गाडीच्या झटक्यात व्होल्ट पाच-दहा हजारही असतात, पण तो उंचावरून पडलेला एक थेंब. क्षणात पडला, संपला. मोटारीला येणारी वीज 230 किंवा 415 व्होल्टची, पण तो धरणातून सुटलेला पाट. हात चिकटला तर पाट वाहतच राहतो, आणि छातीतून जाणारा एका अँपिअरचा दहावा भागदेखील हृदय बंद पाडू शकतो. गाडीचा झटका एकदाच बसतो, लगेच पुन्हा हात लावला तर बसत नाही. खोक्याचा झटका जितक्या वेळा हात लावाल तितक्या वेळा बसतो. हीच ओळख ध्यानात ठेवा.

सबब प्रत्येक सभासदाने पुढील गोष्टी कराव्यात :

1. खोक्याला, पाइपाला किंवा मोटारीला मुंग्या आल्या की त्याच दिवशी वीज बंद करून परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. "सवय झाली" म्हणू नये.

2. मोटार व स्टार्टर दोन्हींना अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जावे. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही बसवून घ्यावा.

3. ओल्या हाताने, अनवाणी खोके उघडू नये. समोर कोरडी फळी ठेवावी. गाडीत चटका देणारी रबरी चप्पल इथे आधार देते, पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

4. कोणी चिकटला तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, नाहीतर कोरड्या लाकडाने दूर करावे.

गाडीचा झटका निरुपद्रवी म्हटला, तरी एक जागा अपवाद आहे, ती म्हणजे पेट्रोल पंप. पेट्रोलची वाफ त्याहून कितीतरी लहान ठिणगीनेही पेटते. अमेरिकेत अशा आगींच्या शंभरावर नोंदी झाल्या. त्यांतल्या बऱ्याच वेळी पेट्रोल भरत असताना माणूस पुन्हा गाडीत जाऊन बसला होता आणि उतरून त्याने थेट नळीला हात लावला होता. म्हणून भरणे पुरे होईपर्यंत गाडीत बसू नये. फवारणी पंपासाठी पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमधून आणू नये. मान्यताप्राप्त डबा असला तरी तो ट्रॉलीत किंवा डिकीत ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवावा.

त्या चौथ्या सभासदांनी मूलहूनच घरी फोन लावला आणि मुलाला सांगितले, "मी येईस्तोवर खोक्याला हात लावू नको." दुसऱ्या दिवशी वायरमनने उघडून पाहिले, तर आतली एक वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती आणि अर्थिंगची तार केव्हाच तुटलेली होती.

आपणही आज रानात जाल तेव्हा आपले खोके पाहून घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी