बोलीची पारख (लेखांक ११) : शिष्ट, सोवळा आणि कर्मठ

गेल्या आठवड्यात आळशी माणसाला मराठी काय काय म्हणते ते पाहिले. या वेळी अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. ज्याला सगळे नियमातच लागते, बोलणे, कपडा, ताट, पंगत यांत जराही इकडचे तिकडे झालेले खपत नाही, अशा माणसासाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. शिष्ट, सोवळा, कर्मठ, चिकित्सक, काटेकोर, चोखंदळ, खडूस. यातले बरेचसे शब्द नाव ठेवण्यासाठी जन्मलेले नाहीत. काही तर चक्क गौरवाचे होते. ते का बिघडले हे पाहिले की आपल्या समाजाला कोणता नेमकेपणा भावला आणि कोणता जाचला, हे कळत जाते.

सुरुवात ‘शिष्ट’पासून करू. शिष्य, शास्त्र, शासन हे शब्द ज्या ‘शास्’ धातूपासून आले त्यातूनच हाही आला. व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात शिष्ट कोणाला म्हणावे याची चर्चा केली आहे. आर्यावर्तात राहणारे, घरात कुंभभर धान्यापलीकडे साठा न करणारे, निर्लोभी आणि एखाद्या विद्येत पारंगत झालेले ब्राह्मण म्हणजे शिष्ट, असे तो सांगतो. त्यांच्या तोंडी जे रूप असेल ते शुद्ध. व्याख्येतच प्रदेशाची आणि जातीची कुंपणे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच व्याख्येत निर्लोभीपणाची अटही आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. आज ‘ती फार शिष्ट आहे’ असे कोणी म्हणाले तर विद्येचा किंवा संयमाचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. ती कुणात मिसळत नाही, आपण होऊन बोलत नाही, स्वतःला वेगळी समजते, एवढाच अर्थ उरतो. शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत या शब्दांत जुना मान टिकला, सुट्या विशेषणातून मात्र तो गेला. अंगी विद्या आणि संयम आहे की नाही हे शेजाऱ्याला दिसत नाही, दिसते ते राखलेले अंतर. मराठीने त्या अंतरालाच शिष्टपणा म्हटले.

‘कर्मठ’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत या शब्दासाठी वेगळे सूत्र दिले आहे. कामात झटणारा, तो कर्मठ. हिंदीने हा अर्थ जसाच्या तसा ठेवला. तिकडे ‘कर्मठ कार्यकर्ता’ म्हणजे राबणारा, निष्ठावान कार्यकर्ता आणि निवडणुकीच्या फलकांवर तो अभिमानाने छापला जातो. मराठी माणसाला तो फलक वाचताना अडखळायला होते, कारण आपल्याकडे कर्मठ म्हणजे कर्मकांडाला चिकटलेला, मुहूर्त, विधी आणि निषेध यांपलीकडे न पाहणारा. कर्म या शब्दाचे दोन अर्थ, काम आणि धार्मिक विधी. हिंदीने पहिला उचलला, मराठीने दुसरा.

आता ‘सोवळा’. या शब्दाशी जरा जास्त थांबायला हवे. सोवळे ही मुळात काही वेळापुरती अवस्था. आंघोळ करायची, कुणाचा स्पर्श न झालेले वस्त्र नेसायचे आणि पूजा किंवा स्वयंपाक आटपेपर्यंत कुणाला शिवायचे नाही. सुती धोतर किंवा लुगडे धुऊन उंच दांडीवर वाळत टाकायचे आणि काठीने काढायचे, म्हणजे पोरांचा हात लागत नाही. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी असली तर रोज धुण्याची गरज मानत नसत. मूल चुकून शिवलेच तर पुन्हा आंघोळ. ज्यांच्या लहानपणी घरात हे होते त्यांना ‘शिवू नकोस, मी सोवळ्यात आहे’ हा आजीचा आवाज आठवत असेल.

हे एका घरात, एका सकाळीपुरते राहिले असते तर त्याला एखाद्या कुटुंबाची रीत म्हणून सोडून देता आले असते. तसे झाले नाही. वस्त्राचे सोवळे माणसांना लावले गेले आणि काही माणसे जन्मभराची ओवळी ठरवली गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी नंतर पंचगव्याने त्या तळ्याची शुद्धी केली. जनावरांनी तोंड लावलेले चालत होते, माणसाची ओंजळ चालली नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. ‘सोवळी’ या स्त्रीलिंगी रूपाचा तर एक अर्थच केशवपन केलेली विधवा असा होता. शुद्धतेचा शब्द आणि एका बाईवर लादलेले आयुष्यभराचे हाल, दोन्ही एकाच रूपात बसले. म्हणून आज कुणी ‘तोही काही सोवळा नाही’ असे राजकारण्याबद्दल सहज म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे काय उभे आहे हे मराठी वाचकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. नसलेल्या शुद्धतेचा तोरा मिरवणाऱ्याला आपण ‘नाकाने कांदे सोलतो’ म्हणतो, तो रोखठोकपणाही बहुधा या जाचातूनच आलेला असावा.

चिकित्सक, चोखंदळ आणि काटेकोर हे तीन शब्द मात्र अजून तगून आहेत. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत जो मानण्याआधी तपासतो तो. ‘चिकित्सक वाचक’ हा मान आहे, ‘मुलगी बघायला आले आणि फार चिकित्सक निघाले’ ही तक्रार आहे. चोखंदळ माणूस निवड करतो, काटेकोर माणूस काम करतो. दोघांचा त्रास झाला तरी त्यांच्याबद्दलचा आदर जात नाही. ‘नीटनेटका’ आणि ‘टापटिपीचा’ यांना तर ‘फार’ जोडले तरी डाग लागत नाही. कारण उघड आहे. नीटनेटका माणूस स्वतःचे आवरतो. सोवळा आणि शिष्ट दुसऱ्याला दूर सारतात. मराठीने कडकपणाला नावे ठेवली नाहीत, दूर सारण्याला ठेवली.

एक शब्द उलट्या वाटेने गेला, तो ‘खडूस’. तिरसट, कुणाला सवलत न देणारा, असा हा बोलीतला शब्द. मुंबईच्या क्रिकेटने तो डोक्यावर घेतला. विकेट फेकायची नाही, समोरच्याला एकही धाव फुकट द्यायची नाही, सामना हातात आला तरी सैल सोडायचे नाही, हा मुंबईचा खडूसपणा. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणाऱ्या संघाच्या खेळाडूंना हे विशेषण लावले की ते सुखावतात.

हे सगळे आज लिहिण्यामागे एक विनंती आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावणारी शिक्षिका, दोन पैशांच्या फरकासाठी वही पुन्हा जुळवणारा हिशेबनीस, हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ न देणारी परिचारिका यांना आपण सरसकट ‘खडूस’, ‘शिष्ट’ किंवा ‘सोवळी’ म्हणून मोकळे होतो. ती माणसे काटेकोर आहेत. त्यांना काटेकोरच म्हणा, आणि ‘सोवळा’ हा शब्द जिथे माणूस माणसाला शिवायला नाकारतो तिथेच वापरा. तुमच्या भागात, मग ते वऱ्हाड असो, कोकण असो की गोवा, अशा माणसासाठी वेगळा शब्द असेल तर वापराच्या एखाद्या वाक्यासह जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात कंजुषांकडे वळू.