बार्बियानाच्या पाद्रींची शाळा

मिशनची शाळा म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे टाय घातलेली पोरं, चकचकीत बूट आणि फाडफाड इंग्रजी येतं. पोराला अशा शाळेत घालायचं म्हणून एखाद्या घरी दागिनाही गहाण पडतो. वाचकहो, आज एका निराळ्या कॅथलिक शाळेची हकिगत ऐका. तिथं टाय नव्हता, फी नव्हती, आणि पोरं सगळी कष्टकऱ्यांच्या घरची.

इटलीत फ्लोरेन्स शहराच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात बार्बियाना ही वस्ती. वस्ती म्हणजे काय, रानात विखुरलेली घरं आणि एक चर्च. १९५४ च्या डिसेंबरात लोरेन्झो मिलानी हे ३१ वर्षांचे पाद्री तिथं आले, तेव्हा ना धड रस्ता, ना वीज, ना नळ. मिलानी सधन, शिकल्या-सवरल्या घरातले. आधीच्या गावी त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रशाळा काढली होती. शाळा सर्वांची वाटावी म्हणून तिथल्या भिंतीवरचा क्रूसही उतरवला होता! त्यांची मतं वरिष्ठांना खटकत होती. मग बदली झाली ती या आडरानात.

चर्चलगतच्या घरात त्यांनी शाळा मांडली. शहरच्या शाळेनं 'ढ' म्हणून परत धाडलेली पोरंही तिथं येऊ लागली. सकाळी आठला बसायचं ते संध्याकाळपर्यंत, रविवारीसुद्धा. (एवढं आपल्या पोरांना मानवणार नाही, आणि मिलानी कडकही फार होते. पण घरी गेल्यावर ज्याला गोठाच झाडायचा आहे, त्याला शाळेचा कंटाळा कुठला?) मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं. एखाद्याला धडा समजला नाही, तर सगळ्यांनी थांबायचं. जो सर्वांत मागे, त्याच्यासाठी शाळा. तुम्ही पोराचं नाव घालायला जाल, तेव्हा निकालाची टक्केवारी जरूर विचारा. पण कच्च्या मुलाचं तुमच्याकडे काय होतं, हेही विचारा.

मिलानींचा सगळा भर भाषेवर. ज्याच्यापाशी शब्द कमी, तो मालकापुढे आणि कचेरीत गप्प बसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून रोज वर्तमानपत्र वाचायचं, शब्द न् शब्द फोडायचा. आपल्याकडे सोसायटीच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. डोंगरातल्या पोरांची पाण्याची भीती जावी म्हणून गुरुशिष्यांनी मिळून पोहण्याचा लहानसा हौदही खणला.

पुढे शिक्षक व्हायला निघालेल्या इथल्या मुलांना शहरातल्या शाळेनं नापास केलं. तेव्हा आठ जणांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकच लिहिलं. शेतकऱ्या-मजुरांचीच मुलं जास्त का गळतात, याचा आकडेवारीनिशी हिशेब त्यात मांडला. १९६७ च्या मे महिन्यात ते निघालं आणि इटलीभर गाजलं. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावानं आलं आहे. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

पुस्तक निघालं तेव्हा मिलानी अंथरुणाला खिळले होते. २६ जून १९६७ रोजी, ४४ व्या वर्षी ते गेले. बार्बियानाच्याच लहानशा दफनभूमीत त्यांना पुरलं. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर आले आणि त्यांच्या थडग्यापुढे प्रार्थना करून गेले.