पाषाणातली माणसे : लेखांक ५ – ऊदोंचे डोळे

गेल्या लेखांकात आपण पिगालचा व्हॉल्तेअर पाहिला. म्हाताऱ्या तत्त्वज्ञाला उघडाबोडका बसवून पिगालने प्राचीन आदर्श पाळला खरा, पण पॅरिसने त्याची यथेच्छ टिंगल केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७७८मध्ये, तोच व्हॉल्तेअर दुसऱ्या एका शिल्पकाराच्या पुढ्यात बसला. त्याचे नाव ज्याँ आंत्वान ऊदों. व्हॉल्तेअर, रूसो, दिदरो, फ्रँकलिन, जेफरसन, वॉशिंग्टन यांचे चेहरे आज आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यामागे ऊदोंचा हात मोठा आहे. हुबेहूब साम्याचा उस्ताद अशी त्याची ख्याती. पण हुबेहूबपणा हा त्याच्या कलेचा पाया होता, कळस नव्हे. आजचा लेखांक या पायापासून कळसापर्यंतच्या वाटेविषयी.

ऊदों १७४१ साली व्हर्सायमध्ये जन्मला. वडील आधी एका सरदाराघरी चाकरीला होते. पुढे पॅरिसमध्ये राजाश्रयावर चालणाऱ्या एका कलाशाळेचे द्वारपाल झाले. रोमला पाठवायच्या निवडक चित्रकार-शिल्पकारांची तयारी तिथे करून घेत. त्यामुळे ओली माती, प्लास्टर आणि छिन्नीचा आवाज या मुलाला घरातच मिळाला. १७६१मध्ये, विशीत, त्याने शिल्पकलेतले पहिले पारितोषिक पटकावले आणि १७६४मध्ये तो स्वतःच रोमला पोचला.

त्या काळी रोममध्ये प्राचीनतेचे वारे जोरात होते. पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या उत्खननातून रोज नवे काही हाती लागत होते आणि विंकलमान हा जर्मन विद्वान ग्रीक शिल्पांतल्या धीरगंभीर साधेपणाचे गोडवे गात होता. ऊदोंने हा धडा घेतलाच, पण त्याच्या जोडीला शवविच्छेदनाच्या टेबलाशीही तो उभा राहिला. त्यातून १७६७मध्ये कातडी सोललेल्या माणसाचा एक पूर्णाकृती पुतळा तयार झाला. खरे तर ही बाप्तिस्ता योहानाच्या मूर्तीची पूर्वतयारी. पण स्नायू न् स्नायू दाखवणारा हा पुतळा इतका उपयोगी ठरला की, त्याच्या प्रतिकृती युरोपभरच्या कलाशाळांत गेल्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

१७६८मध्ये तो पॅरिसला परतला. अकादमीच्या उतरंडीत देवादिकांच्या आणि इतिहासाच्या विषयांना वरचा मान होता. व्यक्तिशिल्प ही त्या मानाने खालची पायरी. ऊदोंने पौराणिक विषयही हाताळले. त्याची धावती डायना गाजली. पण पोट आणि नाव दोन्ही चालले ते चेहऱ्यांवर. १७७१च्या प्रदर्शनात त्याने दिदरोचा भाजल्या मातीचा अर्धपुतळा मांडला. डोक्यावर केसांचा टोप नाही, गळा उघडा, ओठ किंचित विलग. बोलता बोलता कोणीतरी हाक मारावी आणि दिदरोने मान वळवावी, तसा.

त्याची कामाची रीत काटेकोर होती. जमेल तेव्हा तो आधी चेहऱ्याचा साचा घेई. चेहऱ्याला तेल किंवा चरबी लावायची, श्वासासाठी नाकपुड्यांत पिसांच्या नळ्या घालायच्या आणि वर पातळ प्लास्टर ओतायचे. कंपासने कवटीची, नाकाची, जबड्याची मापे घ्यायची. मग मातीत चेहरा घडवायचा, मातीवरून प्लास्टरची प्रत काढायची आणि शेवटी संगमरवराला हात घालायचा. ब्राँझचे ओतकामही तो स्वतःच्या देखरेखीखाली करून घेई. रूसो वारल्याची बातमी येताच दुसऱ्या दिवशी, ३ जुलै १७७८ रोजी, तो एर्मेनॉनव्हिलला मृताच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला हजर होता.

पण साच्यातला चेहरा डोळे मिटलेला असतो. खरी गोम इथेच आहे. ग्रीक-रोमन पुतळ्यांचे डोळे मुळात रंगवलेले असत. शतकांच्या ओघात रंग उडाला आणि कोरे गोळे उरले. ऊदोंचे बरेच समकालीन त्या कोरेपणालाच अभिजात मानून डोळे गुळगुळीत ठेवत. ऊदोंने बुबुळाची जागा वाटीसारखी आत कोरली, मध्यभागी बाहुलीसाठी गिरमिटाने आणखी खोल भोक पाडले आणि वरच्या पापणीखाली दगडाचा एक इवलासा कण न तोडता तसाच राखला. भोकात सावली साचते, म्हणून डोळा काळाभोर दिसतो. कणावर उजेड पडतो, म्हणून तो चमकतो. छिन्नी जराशी घसरली की कण उडाला आणि डोळा मेला. आता गंमत पाहा. खऱ्या डोळ्याचे बुबुळ बाहेर फुगीर असते, ऊदों ते आत खोदतो. केसभर माप न चुकवणारा हा माणूस डोळ्यापाशी मात्र मापाच्या थेट उलट जातो आणि नेमकी तिथेच मूर्ती पाहू लागते.

व्हॉल्तेअरच्या बाबतीत ही हातोटी पणाला लागली. अठ्ठावीस वर्षांनी पॅरिसला परतलेला त्र्याऐंशी वर्षांचा हा लेखक ३० मे १७७८ रोजी वारला. त्याआधी तो ऊदोंसाठी बसला होता. गाल बसलेले, तोंडाचे बोळके झालेले. ऊदोंने यातले काहीच लपवले नाही. पण आसनस्थ व्हॉल्तेअरच्या पुतळ्यात त्याने अंगावर सैल झगा घातला, जो झगाही वाटतो आणि रोमन वस्त्रही. त्यामुळे प्राचीनतेचा मान राहिला आणि पिगालसारखी फजितीही टळली. हाडकुळे हात खुर्चीला घट्ट धरून आहेत, धड किंचित पुढे झुकलेले आहे आणि डोळ्यांत मिस्कील धार आहे. १७८१चा हा संगमरवरी पुतळा पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेज नाट्यगृहात आहे; रशियाच्या कॅथरीनसाठी केलेली प्रत हर्मिटाजमध्ये.

वॉशिंग्टनचे काम याहून अवघड, कारण माणूस समुद्रापलीकडे. १७८४मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने पुतळा ठरवला तेव्हा पॅरिसमधल्या जेफरसनने ऊदोंचे नाव सुचवले. नुसत्या चित्रावरून पुतळा करायला ऊदों तयार नव्हता. त्याच्या जिवाचा विमा उतरवून त्याला फ्रँकलिनबरोबर जहाजावर चढवण्यात आले. अवजारे मागे राहिली, ती अमेरिकेत नव्याने घ्यावी लागली. ऑक्टोबर १७८५मध्ये तो सुमारे दोन आठवडे वॉशिंग्टनच्या घरी, माउंट व्हर्ननला, राहिला. मेजावर उताणे पडलेले, तोंडभर प्लास्टर लावलेले आजोबा पाहून सहा वर्षांची नेली घाबरून गेली होती. पुढे वॉशिंग्टननेच जेफरसनला कळवले की, प्राचीन पेहरावाचा फार आग्रह नको. त्यामुळे व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या पुतळ्यात तो आपल्या काळच्या लष्करी पोशाखात आहे. तेरा संस्थानांसाठी तेरा दांड्यांची मोळी, मागे नांगर. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हा चेहरा रोज भेटतो: १९३२पासूनच्या क्वार्टर नाण्यावरचा वॉशिंग्टन ऊदोंच्या अर्धपुतळ्यावरूनच घेतलेला आहे.

मापांचा कस मात्र वेगळ्याच ठिकाणी लागला. अमेरिकी नौदलाचा वीर जॉन पॉल जोन्स १७९२मध्ये पॅरिसमध्ये वारला आणि त्याचे थडगे विस्मृतीत गेले. १९०५मध्ये शिशाच्या पेटीत एक टिकून राहिलेले शव सापडले. ते कोणाचे हे ठरवताना फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याची मापे ऊदोंच्या १७८०च्या अर्धपुतळ्याशी ताडून पाहिली. ती जुळली.

क्रांतीने राजाश्रय संपवला. नेपोलियनचा चेहराही ऊदोंने घडवला, पण त्याचा बहर ओसरला होता. १५ जुलै १८२८ रोजी तो वारला. त्याच्या पिढीत भव्य स्मारके उभारणारे शिल्पकार पुष्कळ होते. माणूस ओळखून तो दगडात उतरवणारा त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या आठवड्यात इटलीचा कानोव्हा. त्यानेही वॉशिंग्टन घडवला, पण थेट रोमन सेनापतीच्या वेषात. तो पुतळा १८३१च्या आगीत भग्न झाला. त्याची कथा पुढील लेखांकात.