स्वयंपाकात लिंबाचा योग्य उपयोग

कागदी लिंबाची आंबिया बहाराची फळे ऐन पावसाळ्यात एकदम बाजारात येतात. त्या वेळी भाव कोसळतो, तोडणीचा व वाहतुकीचा खर्चही निघत नाही आणि पुष्कळ फळे झाडाखालीच कुजतात. उलट, उन्हाळ्यात तेच लिंबू महाग होते. हंगामातील हे फळ घरच्या स्वयंपाकात योग्य रीतीने वापरल्यास नासाडी टळते आणि कुटुंबाच्या आरोग्यासही हातभार लागतो.

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाजरी, कडधान्ये व पालेभाज्या यांत लोह असते. परंतु ते शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व मिळाल्यास हे शोषण वाढते. म्हणून मेथीची भाजी, मटकीची उसळ व वरण यांवर लिंबू पिळून घेणे हितकारक होय. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये. त्यामुळे लोहाच्या शोषणास अडथळा येतो.

‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. यास्तव रस उकळत्या पदार्थात न घालता भांडे चुलीवरून उतरवल्यावर किंवा ताटात वाढल्यावर घालावा. डाळ शिजण्यापूर्वी आंबट घातल्यास ती लवकर मऊ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबाचा पदार्थ ठेवू नये. आम्लामुळे धातू अन्नात उतरतो.

उरलेल्या फळांचे लोणचे घालावे. पिवळी, निरोगी अशी १ किलो लिंबे धुऊन पूर्ण कोरडी करावीत. फोडी करून बिया काढाव्यात, कारण बियांनी कडवटपणा येतो. फोडींस २०० ग्रॅम मीठ लावून त्या चिनी मातीच्या कोरड्या बरणीत भराव्यात आणि बुडतील इतका लिंबाचा रस वर ओतावा. रसाबाहेर राहिलेल्या फोडींस बुरशी लागते. बरणी रोज हलवावी व ऊन असेल तेव्हा उन्हात ठेवावी. तीन-चार आठवड्यांत साल मऊ पडते. मग आवडीप्रमाणे तिखट, हिंग व मेथीची पूड मिसळावी.

साठवणीत ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते. म्हणून लोणचे हे रुचीसाठी व ताजे लिंबू आरोग्यासाठी, असे समजावे. तसेच रक्तक्षयावर लिंबू हे औषध नव्हे. वैद्यकीय सल्ल्याने सुरू असलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी आवर्जून सांगावे.