एका ग्रॅमला एक गुंठा

बारीक रव्यासारखे दिसणारे पांढरे मणी. वजन 1 ग्रॅम. एकेका मण्याचा व्यास मिलिमीटरचा एक-दोन दशांश आणि आत सगळी भोकंच भोकं. या भोकांच्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या, तर अशा सच्छिद्र मण्यांच्या 1 ग्रॅमला 100 चौरस मीटर जागा सहज भरते. सातबाऱ्यावरच्या मापात बोलायचं, तर ही जागा झाली एक गुंठा. या हिशेबाने किलोभर मण्यांत 25 एकर आणि टनभर मण्यांत 25 हजार एकर जमीन आहे.

या जमिनीवर वस्ती कोणाची? पेनिसिलिन असायलेज नावाच्या एन्झाइमची, म्हणजे पेनिसिलिनचा रेणू तोडणाऱ्या प्रथिनाची. याचा एक रेणू 7 नॅनोमीटर लांब आणि पाच-साडेपाच नॅनोमीटर रुंद. मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले, की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. एका रेणूला 50 चौरस नॅनोमीटरचा प्लॉट दिला, तर एका गुंठ्यात 2 वर 18 शून्यं एवढे रेणू बसतात. आपल्या जुन्या अंकमोजणीत शेवटची पायरी परार्धाची, म्हणजे 1 वर 17 शून्यं. म्हणजे एका ग्रॅमच्या पोटात वीस परार्ध रहिवासी! एवढ्यांचं एकत्र वजन मात्र ग्रॅमच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतं. ही अर्थात कागदावरची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात इतकी दाटी करून चालत नाही, कारण मग कच्चा माल आतल्या रेणूंपर्यंत पोचतच नाही.

मुळात हे रेणू मण्यांना बांधायचे कशासाठी? मोकळं एन्झाइम पाण्यात विरघळतं, काम चोख करतं आणि तयार मालातच मिसळून राहतं. म्हणजे दर खेपेला नवं एन्झाइम विकत घ्या आणि आधीचं मालातून वेगळं काढत बसा. औषधाच्या बाबतीत तर हे काढावंच लागतं, कारण परक्या प्रथिनाचा अंश राहिला तर रुग्णाला ॲलर्जी होऊ शकते. तेच एन्झाइम ग्लुटारल्डिहाइडसारख्या रसायनाने मण्याला पक्कं जोडलं, की टाकीच्या तळाशी जाळी बसवली तरी पुरतं. द्रावण खाली गळतं, मणी वर राहतात आणि पुढची खेप त्याच मण्यांवर ओतता येते.

कल्पना तशी जुनी आहे. 1916 साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज कोळशावर चिकटवून पाहिलं, तेव्हा चिकटलेलं एन्झाइमही साखर फोडतच राहिलं. कारखान्यात पाऊल पडायला मात्र अर्धशतक जावं लागलं. 1969 मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एन्झाइमने अमिनो आम्लं वेगळी करायला सुरुवात केली.

या युक्तीने काय वाचतं, ते पेनिसिलिनच्या जमाखर्चात लख्ख दिसतं. बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिन-जीची बाजूची साखळी तोडली, की 6-एपीए हा गाभा हाती येतो. त्यावर दुसरी साखळी चढवली की अँपिसिलिन, आणखी वेगळी चढवली की अमोक्सिसिलिन. ही तोड पूर्वी रसायनांनी व्हायची, तीही उणे 40 अंशांच्या थंडीत. 500 टन 6-एपीएसाठी 1,000 टन पेनिसिलिन लागायचं. त्याशिवाय 800 टन डायमिथिल ॲनिलिन, 600 टन फॉस्फरस पेंटाक्लोराइड, 160 टन अमोनिया, 42 लाख लिटर डायक्लोरोमिथेन आणि तितकंच ब्युटेनॉल.

आता हीच तोड मण्यांवरचं पेनिसिलिन असायलेज करतं, त्याचा हिशेब बघा. पेनिसिलिन तेवढंच, 1,000 टन. पाणी 1 कोटी लिटर, अमोनिया 45 टन आणि मणी अर्धा ते एक टन. तोडीसाठी लागणारी यादी इथे संपते! थंडी नको, तापमान आपल्या अंगाएवढं किंवा त्याहून थोडं कमी. साखळी तुटली की फेनिल ॲसेटिक आम्ल सुटतं आणि द्रावण आंबट व्हायला लागतं. म्हणून पीएच 8च्या आसपास धरून ठेवायला अमोनिया सोडत राहायचा. 45 टन हा आकडाही काही उगाच आलेला नाही. तुटणाऱ्या दर रेणूमागे अमोनियाचा एक रेणू, हे गणित मांडून पाहिलं तर उत्तर जवळजवळ तेवढंच येतं. शेवटी द्रावण गाळून घ्यायचं, सुटलेलं आम्ल वेगळं करायचं आणि पीएच 4च्या जवळ आणला, की 6-एपीएचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात. वेगळं काढलेलं आम्लही फुकट जात नाही. पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीला तेच पुन्हा खुराक म्हणून देता येतं.

500 मिलिग्रॅमच्या अमोक्सिसिलिन कॅप्सूलला सुमारे 296 मिलिग्रॅम 6-एपीए लागतं. पुढच्या टप्प्यात काहीच वाया गेलं नाही असं धरू. मग टनभर मण्यांतून निघालेल्या 500 टनांच्या सुमारे 169 कोटी कॅप्सूल होतात. दिवसाला तीन, असा पाच दिवसांचा कोर्स धरला तर सव्वाअकरा कोटी माणसांना पुरतील एवढ्या. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती 11.24 कोटी. म्हणजे एक टन मणी आणि अख्ख्या राज्याला एकेक कोर्स! सुरुवातीच्या त्या एका ग्रॅमच्या वाट्याला 112 रुग्ण येतात. महाराष्ट्राचा या गोष्टीशी आणखीही एक धागा आहे. पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली पिंपरीत उभी राहिली आणि तिथून जवळच, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन असायलेजवर वर्षानुवर्षं संशोधन झालं.

आकारमानात मात्र पेनिसिलिनलाही मागे टाकणारा एक उद्योग आहे, मक्याच्या गोड पाकाचा. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज करायचं आणि ते द्रावण ग्लुकोज आयसोमरेज हे एन्झाइम बांधलेल्या मण्यांच्या उंच स्तंभातून 55 ते 60 अंशांवर सोडायचं. खाली येईपर्यंत त्यातल्या 42 टक्क्यांचं फ्रुक्टोज झालेलं असतं. कोका-कोला आणि पेप्सी यांनी 1984 साली अमेरिकेतल्या आपल्या पेयांत साखरेच्या जागी अशाच पाकाला पूर्ण मुभा दिली. जगात वर्षाला अंदाजे 1 कोटी टन पाक असा तयार होतो. एक किलो मणी बाद होईपर्यंत 12 टनांहून जास्त माल देतात. म्हणजे साऱ्या जगाची वर्षाची गरज भागवायला 800 टनांच्या आसपास मणी पुरतात. 12 टन मालातले रेणू मोजायचे तर 4 वर 28 शून्यं, म्हणजे चाळीस हजार कोटी परार्ध. परार्ध पायरी म्हणून आता अपुराच पडायला लागला.

एवढं काम करणारं एन्झाइम अचाट वेगाचं असेल, असं कोणालाही वाटेल. पण वेगाचे बादशहा वेगळेच आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला 4 कोटींच्या घरात रेणू निकालात काढू शकतो. पेनिसिलिन असायलेज सेकंदाला पन्नासच्या आसपास रेंगाळतं आणि ग्लुकोज आयसोमरेज त्याहूनही संथ. वर बांधल्यामुळे दोघांची थोडीफार ताकद कमी होते ती वेगळीच. पण ती टिकतात. ग्लुकोज आयसोमरेजची ताकद निम्म्यावर यायला 100 दिवसांहून अधिक लागतात आणि तोवर स्तंभ रात्रंदिवस चालूच असतो.

म्हणून कारखान्यात एन्झाइमची पारख सेकंदाच्या हिशेबाने होत नाही. बाद होण्याआधी किलोमागे किती किलो माल दिला, एवढाच आकडा बघतात. मणी महाग असले तरी चालतात, कारण ती किंमत मालावर वाटली जाते. पेनिसिलिनच्या मण्यांसाठी तिला 500 ते 1,000ने भागायचं आणि पाकाच्या मण्यांसाठी 12 हजारांनी. पाकासारख्या स्वस्त मालाला एन्झाइम परवडतं ते या भागाकारामुळे.