जुनी सागवानी मयाल आणि नवे छप्पर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सेवाग्रामची सहल आपण नेतोच. मुलं दफ्तरातला टेलिफोन बघतात आणि पुढं पळतात. पुढच्या वेळी त्यांना बापू कुटीत थांबवा, वर छपराकडे बघायला सांगा. ही कुटी बापूंसाठी बांधलेलीच नव्हती. मीराबहेन यांनी ती स्वतःसाठी बांधली होती. बापू तिथे राहायला आले तेव्हा ती पाडली नाही, गरजेप्रमाणे तिलाच जोड दिली. लाकूड, बांबू, माती, कवेलू, बस्स.

आज मोठमोठ्या कार्यालयांच्या बांधकामात हाच विचार दिसतो. जुनी इमारत तशीच ठेवायची आणि वर लाकूड व पोलाद मिळून नवे मजले चढवायचे. मुख्य कारण वजन! एक घनमीटर काँक्रीट सुमारे 2400 किलो भरतं, सागवान 650 च्या आसपास. पोलाद तर 7850 किलो, पण ते इतकं मजबूत की थोडंच लागतं. म्हणून लांब तुळया पोलादाच्या आणि मजल्याचा तक्ता लाकडाचा. जुन्या पायावर भार कमी येतो. मेलबर्नमध्ये एका जुन्या इमारतीवर लाकडाचे 10 मजले असेच चढवले आहेत. (तिथे सागवान नसतं. मऊ लाकडाच्या फळ्या उभ्या-आडव्या चिकटवून जाड तक्ते करतात.)

"सर, लाकूड जळणार नाही का?" हे मुलं विचारणारच. जळतं, पण जाड लाकडावर कोळशाचा थर धरतो आणि आतला गाभा बराच वेळ टिकतो. उलट पोलाद जळत नाही, पण 550-600 अंशांना त्याची निम्मी ताकद जाते. म्हणून त्यालाही आवरण लागतं.

हे सगळं सांगण्याचं कारण घरचंच आहे. आमच्या शाळेच्या दोन खोल्यांचं निर्लेखन झालं तेव्हा सागवानी मयाली आणि वासे लिलावात भंगाराच्या भावात गेले. एका सुताराने त्याच मयालींवर घराची ओसरी टाकली, ती अजून ताठ उभी आहे. आम्ही मात्र टिनाखाली शिकवतो.

तुमच्या शाळेत असा प्रस्ताव आला तर सहीआधी एवढं बघून घ्या. भिंत पडकी म्हणजे लाकूडही गेलं असं नसतं. मयालीचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं ओल आणि वाळवी आधी लागते. तिथं खिळा टोचून पाहायला सांगा, सहज आत गेला तर लाकूड पोकळ. ही तपासणी अभियंत्याकडूनच करून घ्या, आणि ती होईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवू नका.