स्वस्त चहामागची तारीख

इराण्याकडचा चहा मुंबईत इतकी वर्षं इतका स्वस्त राहिला, त्यामागची खरी मेख दुधापत्तीत नाही, एका तारखेत आहे: १ सप्टेंबर १९४०. महायुद्ध चालू होतं, शहरात माणसांची रीघ लागली होती, जागा मिळेना. पुढे १९४७ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, तेव्हा ‘प्रमाण भाडं’ ठरवायला हीच तारीख धरली गेली. त्या दिवशी जागेला जे भाडं होतं, तेच पुढे चालू. घराला तसंच दुकानाला आणि हॉटेलालाही. हा कायदा तात्पुरता म्हणून आला होता. मुदतवाढ घेत घेत तो अर्धं शतक जगला!

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. साल १९८०. चौकातली मोक्याची जागा, उंच छत, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. आणि भाडं? करांची आणि दुरुस्तीची किरकोळ वाढ सोडली तर युद्धकाळातलं. ब्रुन मस्का आणि एक पानी कम चाय मागवून तासभर पेपर वाचत बसणारं गिऱ्हाईक इराण्याला परवडत होतं, कारण त्या खुर्चीसाठी त्याला जवळपास काहीच मोजावं लागत नव्हतं. चहाच्या किमतीचा एक हिस्सा आपण देत होतो, एक हिस्सा घरमालक देत होता, मनात नसताना. तो मग इमारतीच्या दुरुस्तीला हात लावत नसे. वरच्या मजल्यावरचं प्लास्टर पडायचं ते त्याच चहाच्या हिशोबात.

मला या गोष्टीची गंमत वाटते ती अशी, की शहरातला स्वस्ताईचा आपला सगळा नॉस्टॅल्जिया या न दिसणाऱ्या वर्गणीवर उभा आहे. नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा घरमालकाला मिळाली. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या, मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांना मात्र संरक्षणातून वगळलं. त्यामुळे दादर-गिरगावच्या एकाच रस्त्यावर आज दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एका दुकानात कॉफी तीस-चाळीस रुपयांना, चार दुकानं सोडून अडीचशेला. दूध बहुधा एकाच टेम्पोतून उतरलेलं असतं. एक जागा पागडीची, म्हणजे जुन्या नियंत्रित भाड्याची असते, दुसरी दर तीन-पाच वर्षांनी करार नवा करणारी. अडीचशेतले बरेचसे रुपये आपण पेल्याचे देत नाही, बुडाखालच्या खुर्चीचे देतो. म्हणूनच त्या मालकाच्या डोक्यात सतत एकच हिशोब असतो: टेबल दिवसातून किती वेळा फिरतं? आपण शेवटचा घोट घेण्याआधी बिल पुढ्यात येतं, ते उद्धटपणापोटी कमी आणि या हिशोबापोटी जास्त.

दुसरी वर्गणी हातांची होती, आणि तिच्याबद्दल बोलताना जरा अवघडायला होतं. किनारी कर्नाटकातून आलेल्या ए. रामा नायकांनी १९४२ मध्ये माटुंग्याला उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. त्याच्या दोनच वर्षं आधी जवळपासच कॅफे मद्रास सुरू झालं होतं. अशा शेकडो उडप्यांकडे गावाकडून नात्यागोत्यातली, ओळखीपाळखीतली पोरं यायची. टेबलावर फडकं मारणारा, पाच बोटं पाच ग्लासांत बुडवून पाणी आणणारा, उष्ट्या बशांची चळत खांद्यापर्यंत रचून नेणारा तो पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असे. जेवण हॉटेलात, झोप रात्री त्याच टेबलांवर, आणि नशीब चांगलं असलं तर कानडी रात्रशाळा. त्यातले काही पुढे गल्ल्यावर बसले, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. बाकीच्यांचं काय झालं, ते सांगायला कोणी येत नाही.

तेव्हाची ‘सर्व्हिस’ अशी तत्पर होती, कारण हाताशी भरपूर हात होते आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. फार उशिरा आली, एवढंच. तिकडे किनाऱ्यावरची पोरं शिकली, बँकांत, आखातात, बंगळुरूला गेली. आज पाणी आणून देणारा बहुतेक बिहार, ओडिशा, झारखंड किंवा नेपाळचा असतो, सज्ञान असतो, त्याच्या राहण्याची खोली मालकाला भाड्यानं घ्यावी लागते, आणि बाहेर डिलिव्हरीच्या बाइकवर बसायचा पर्याय त्याला खुला असतो. वर्षभर टिकला तर मालक देवाला नारळ वाढवतो. ‘नेहमीचं ना साहेब?’ असं विचारायला माणूस टिकावा लागतो.

इथे एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाला बोलवावं लागतं. विल्यम बॉमोल आणि त्यांचे सहकारी विल्यम बोवेन यांचं १९६६ सालचं पुस्तक नाटक-संगीताच्या अर्थकारणावर होतं, पण मला ते डोशावर लिहिल्यासारखंच वाटतं. त्यांचा मुद्दा असा: चार वादकांची तंतुवाद्यांची एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एका कामगाराच्या हातून निघणारा माल कैक पटींनी वाढला, आणि त्याबरोबर पगारही. आता वादकाचा पगार वाढवला नाही तर तो कारखान्यात जाईल. वाढवला तर तिकीट महागणार. वादक आळशी झालेला नाही, तरी मैफल महागच होत जाते.

उडप्याच्या भटारखान्यात डोकावलं की हे जसंच्या तसं दिसतं. पीठ वाटायला यंत्र आलं, वाटणाऱ्याचे खांदे सुटले. पण तव्यावर पाणी शिंपडून चुर्र आवाज ऐकणं, खराट्यानं तवा झाडणं, वाटीनं पीठ घालून आतून बाहेर फिरवत नेणं, कड सुटेपर्यंत थांबणं, याला १९५० मध्ये जेवढा वेळ लागे तेवढाच आज लागतो. तव्यावर एका वेळी मावतात तितकेच डोसे मावतात. त्या मानानं मोबाइल, टीव्ही, शर्ट स्वस्त झाल्यासारखे वाटतात, केस कापणं, शिकवणी आणि डोसा महाग. तिन्हींतही माणूस समोर उभा राहावा लागतो. ही एक गोष्ट लक्षात आली की महागाईवरची निम्मी चिडचिड कुतूहलात बदलते. उरलेली निम्मी राहते, आणि तिलाही कारणं आहेत.

करांचंच बघा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक रेस्टॉरंटांवरचा जीएसटी १८ किंवा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि तरीही अनेक ठिकाणी मेनूवरचे मूळ दर वर सरकले. लबाडी? थोडी असेलही. पण त्या दिवशी एक सवलतही गेली होती: खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची. जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो, तो आता हॉटेलमालकाच्या खिशातून जातो, म्हणजे फिरून आपल्याच ताटात येतो. गॅसचं तसंच. घरचा तांबडा सिलिंडर १४.२ किलोचा, हॉटेलचा निळा १९ किलोचा, आणि निळ्याचा दर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. मे २०२२ मध्ये मुंबईत तो २,३०० रुपयांच्या वर गेला होता. पुढे बराच उतरला. मेनूकार्ड उतरलं का? कार्डावरच्या किमतीवर डकवलेलं पांढरं स्टिकर नखानं उचलून पाहा. खाली आणखी एक स्टिकर असतं, त्याच्याही खाली छापील आकडा, आणि थरागणिक किंमत खाली खाली जाते. वरचं स्टिकर खालच्यापेक्षा स्वस्त निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

साध्या ताटाला खरोखर किती पैसे पडतात, याचा एक सरकारी आकडा मात्र उपलब्ध आहे. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. गिऱ्हाइकाकडून १० रुपये, पण शहरातल्या थाळीचा दर धरला होता ५० रुपये, वरचे ४० सरकारचे. म्हणजे एसी नाही, गल्ली-नाक्यावरची जागा, ठरावीक ताटं, दुपारचे ठरावीक तास, तरीही पन्नास. तेही २०२० सालच्या हिशोबानं.

पण पैसे जास्त मोजायचे आणि वर सर्व्हिसही ढिली, हे कसं? भरल्या डोळ्यांनी नाही, उघड्या कानांनी बसलात तर उत्तर ऐकू येतं. हॉल अर्धा रिकामा आहे, आणि तुमचा उत्तप्पा वीस मिनिटं येत नाही. काउंटरजवळ एक छोटं यंत्र कर्र-कर्र करत कागदाची पट्टी ओकतंय. ती केओटी, म्हणजे भटारखान्याला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. तुमच्यापुढे नंबर लावलेली माणसं हॉलमध्ये नाहीतच, ती अंधेरीत, घाटकोपरला आपापल्या सोफ्यावर आहेत. एका तव्यापुढे आता दोन रांगा आहेत आणि आपल्याला त्यातली एकच दिसते. दाराशी हेल्मेट घालून घड्याळ बघत उभा असलेला मुलगा त्या दुसऱ्या रांगेचा प्रतिनिधी. डिलिव्हरीचं ॲप मालकाकडून कमिशन घेतं, खाणाऱ्याकडून २०२३ पासून प्लॅटफॉर्म फीही घेऊ लागलं, आणि ऑर्डरला उशीर झाला तर मालकाचं रेटिंग पडतं. तुम्ही नुसते चुळबुळ करता. मालक कोणाला घाबरेल?

शिवाय कामाचा बराच भाग हळूच आपल्याकडे सरकवला गेलाय. मेनू आपल्या फोनवर उघडायचा, टोकन आपण घ्यायचं, नंबर पुकारला की ताट आपण उचलायचं. बंगळुरूच्या ‘दर्शिनी’ हॉटेलांनी १९८३ पासून हेच केलं, पण सरळपणे: उभं राहा, स्वतः घ्या, आणि त्याबदल्यात स्वस्त खा. आपल्याकडे कष्ट आपले आणि दर बसून खाण्याचा, असा नवाच मेळ जमलाय. तो मात्र मला लुबाडणूकच वाटतो.

बिलाच्या बशीतही बदल झाला. बडीशेप, खडीसाखर, आणि त्याखाली वेटरसाठी सोडलेली नाणी. आता क्यूआर कोडवर रुपया-पैशापर्यंत नेमकी रक्कम जाते, गल्ल्यावरचा डबा ती खणखणीत आवाजात जाहीर करतो, आणि सुटे उरतच नाहीत. वेटरला गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवण्याचं जे एक छोटंसं कारण होतं, ते असं निघून गेलं. टिपची जागा घ्यायला काहींनी बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ चढवला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की तो आपोआप लावता येणार नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. गिऱ्हाईक जिंकलं. फक्त मेनूवरचा दर किती ठेवायचा याला बंधन नाही. तिथे तो चार्ज मिसळून टाकला, की त्यातले किती वेटरच्या हातात पडले, हे विचारायला बिलावर ओळसुद्धा उरत नाही.